उभी पंचायत

थावरू नायकांनी एका वर्षी तांड्याची पंचायत उभ्यानं चालवायला सुरुवात केली आणि भांडणं झटपट मिटू लागली. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख; तो उभा असताना कोणी बसायचं नाही, ही तिथली रीत. त्यामुळे सत्तरीचे पंच उभे, भांडणारे उभे, साक्षीदारही उभे. बैलाच्या वाटणीचा जो तंटा पूर्वी दोन दिवस चालायचा, तो गुडघे दुखू लागले की अर्ध्या तासात संपे. नायकाची अक्कल वाढली, असं लोक म्हणत. खरं कारण तिघांनाच ठाऊक होतं: नायकांना, नायकिणीला आणि दुर्दैवानं मला.

मी दारव्ह्याजवळच्या त्या तांड्यावर मास्तर होतो. यवतमाळच्या कारकुनांच्या घरातला, म्हणून दवाखान्यातले कागद मला कळतात असा समज. नायकांची लघवी अडली तेव्हा त्यांना नागपूरला मीच नेलं. प्रोस्टेटची गाठ निघाली, तीही कॅन्सरची. डॉक्टरांनी मुळासकट काढली. जीव वाचला, पण ताबा गेला. शिंकले, हसले, नुसते बसून उठले तरी धोतर भिजे. मग ते कोणाच्या घोंगडीवर बसेनात, आणि हसणं तर त्यांनी सोडूनच दिलं.

"मास्तर, हे तुमच्या पोटात ठेवा," एवढंच ते मला म्हणाले होते.

मी ते इतक्या कसोशीनं ठेवलं की कोणी विचारायच्या आधीच सांगत सुटलो, नायकांची कंबर लचकली आहे. झालं. पार उमरखेडकडून मालिशवाले येऊ लागले. एकानं तर नायकांना पालथं पाडून पाठीवर पाय दिला. तिथून उठले ते थेट माझ्या शाळेत आले.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "आता माह्या दुसऱ्या कोण्या हाडाचं नाव घेऊ नका."

होळीला तांडा फेर धरून लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गातो आणि पहिली लेंगी नायकानं उचलायची असते. होळीच्या दोन दिवस आधी मी त्यांच्याकडे गेलो, तर नायकीण गोठ्यामागं, कोणाला दिसणार नाही अशा जागी, धोतरं वाळत घालत होती. नायक तिकडं बघत म्हणाले, यंदाची होळी झाली की पागोटं धाकट्या भावाच्या डोक्यावर ठेवतो.

"काहून?"

"बायको ज्याचं धोतर लपून वाळवते, तो कायचा नायक?"

मी तेवीस वर्षांचा, अविवाहित. गंभीर चेहरा करून म्हणालो, वय झालं की व्हायचंच असं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तिथला चहाही अर्धा टाकून पळालो.

धुळवडीला ते आले खरे, शुभ्र धोतर नेसून. नायकिणीनं जुन्या लुगड्याच्या घड्या शिवून आतून बांधायची पट्टी केली होती, हे मला कुठलं माहीत? मला दिसला तो धोतरावरचा ओला डाग. यांची अब्रू आता मीच वाचवायची, असं वाटून मी पळसाच्या रंगाची घागर उचलली आणि नायकांवर कंबरेपासून खाली सगळी रिकामी केली.

डफ थांबला. नायकावर पहिला रंग टाकायचा मान बायकांचा.

नायकांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. आणि वर्षभरात प्रथमच पोट धरून हसले.

"अरे, मास्तरले वाटलं मी मुतलो," ते सगळ्या तांड्याला सांगू लागले. "गडव्यानं पाणी पेताना सांडलं अंगावर. कंबर-फंबर काही लचकली नाही माही. ऑपरेशन झाल्यापासून रोजच गळून राह्यलो. आज एक दिवस कोरडा होतो, तं ह्यानं भिजवला."

कोणालाच कुठं बघावं कळेना. मग सगळ्यात म्हातारे पंच घसा खाकरून म्हणाले, आपण रात्रीतून पाचदा उठतो, अन् घरात सांगतो की कुत्रं भुंकते म्हणून. दुसऱ्या एकानं आपल्याला तर धड होतच नाही अशी तक्रार मांडली. धुळवडीच्या दिवशी भर चौकात लघवीची पंचायत बसली. बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. नायकिणीनं मात्र आधी काठी घेतली आणि बायकांचा मान चोरल्याबद्दल माझ्या पोटऱ्यांवर दोन सणसणीत दिल्या. नायकांनी लेंगी उचलली. पागोट्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर नायकांनी तांड्यातल्या तिघा म्हाताऱ्यांना एकेक करून नागपूरच्या त्याच दवाखान्यात नेलं. एकदा मीही सोबत होतो. एसटीत त्या खेपेचा म्हातारा घाबरून पुनःपुन्हा विचारत होता, लय दुखते काय?

"दुखते ते आठ दिवस," नायक म्हणाले. "लाज लय दिवस राह्यते. ते डॉक्टर काढून देत नाही. ते आपुनच मोठ्यानं बोलून काढा लागते."

आणि ते मोठ्यानं बोलू लागले. नळी, पट्टी, धोतर, सगळं, पुढच्या बाकापासून मागच्यापर्यंत ऐकू जाईल असं. मी शरमेनं खिडकीबाहेर कपाशी मोजत होतो. तिकिटं फाडणारा कंडक्टर आमच्यापाशी येऊन थांबला. आता हा उतरवतो आम्हाला, असं मला वाटलं.

तो वाकून हळूच म्हणाला, "बाबा, थो दवाखाना कोण्या बाजूले हाय?"