हरकत असल्यास कळवावे

जाहिरातीचा मजकूर सरकारनेच ठरवून दिलेला होता. नाव, बापाचं नाव, राहणार आणि धंदा एवढंच मला भरायचं होतं. तरीही तो कागद बारा दिवस माझ्या खिशात पडून राहिला. मजकूर असा: अमुक, राहणार धाराशिव, याने भारताचे नागरिकत्व मिळावे म्हणून अर्ज केला आहे, ते त्यास देऊ नये असे कारण कोणास माहीत असल्यास त्याने लेखी कळवावे. जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रात ही जाहिरात दोनदा छापून आणायची आणि ते अंक अर्जाला जोडायचे.

कारण माहीत असलेला एक माणूस मला ठाऊक होता. तो लोहाऱ्याच्या अलीकडं चार कोसांवर राहत होता. त्याचा जबडा मी मोडला होता.

मी जिनिंग फॅक्टरीत स्टोअरकीपर आहे. पट्टे, बेअरिंग, तेलाचे डबे, सुतळी, खिळे, जे येतं ते कुठून आलं आणि कुणाला गेलं हे लिहिल्याशिवाय मी कपाट उघडत नाही. त्यामुळं अर्जातले रकाने मला जड नव्हते. जन्म: हद्रमौत, अरबस्तान. भारतात आलो तेव्हा वय: सहा. कशासाठी आलो: बापाबरोबर. माझा बाप लोहाऱ्याजवळच्या एका जहागिरदाराच्या गढीवर दरवान होता. मोठा झाल्यावर त्याच दारावर मीही उभा राहिलो. गावात आम्हाला नाव नव्हतं. बापाला ‘अरब’ म्हणत, मला ‘अरबाचं पोरगं’, आणि मला मिसरूड फुटल्यावर दोघांनाही ‘अरब’.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या खळ्यांच्या दिवसांत रझाकारांची एक टोळी गढीत येऊन उतरली. सरहद्दीपलीकडून निजामाशी लढणाऱ्या कँपवाल्यांना भाकरी पोचवतो म्हणून त्यांनी एका शेतकऱ्याला खळ्यावरून फरफटत आणलं, आतल्या चौकातल्या खांबाला बांधलं आणि मोटेच्या ओल्या नाड्यानं मारायला सुरुवात केली. मी दारावर होतो. आतला आवाज माझ्या पाठीशी होता. आधी तो माणूस शिव्या देत होता, मग देवाचं नाव घेत होता, मग नुसताच आवाज येत राहिला.

त्याचा धाकटा भाऊ धावत आला. माझ्याच वयाचा. लहानपणी एकाच ओढ्यात आम्ही खेकडे धरले होते.

“अरबा, दार सोड,” तो म्हणाला. “माझा भाऊ हाय आत.”

“हुकूम नाही.”

त्यानं माझ्या बगलेतून हात घालून कडी धरली. मी बंदूक उलटी केली आणि दस्ता त्याच्या तोंडावर मारला. तो खाली बसला. मग मी परत मारला. पहिला तडाखा नोकरीचा होता. दुसरा नोकरीचा नव्हता. दिवस कलताना त्याच्या भावाचं प्रेत आम्ही बाहेर काढून दिलं. पाय मी धरले होते.

भादव्यात फौज आली. रझाकार आणि जहागिरदार आदल्या दिवशीच पळाले. माझा बाप पळाला नाही. दार सोडायचा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता. आसपासच्या तीन-चार गावांतली माणसं कुऱ्हाडी आणि विळे घेऊन गढीवर चालून आली. मी कडब्याच्या गंजीत शिरलो. बापाला त्यांनी दारातच तोडला. मारला म्हणत नाही, तोडला. मला पाठी दिसत होत्या आणि वर उचललेली पाती दिसत होती, तोंडं दिसत नव्हती. मग कुणीतरी गंजीला काडी लावली.

पाठीवरचा सदरा जळत असताना मी बाहेर पडलो. समोर तो उभा होता. जबडा वाकडाच सांधलेला. मी डावा हात आडवा धरला, त्यात तीन बोटं गेली. दुसरा घाव खांद्यात रुतला. कुऱ्हाड हाडात अडकली, आणि ती ओढून काढायला त्यानं माझ्या छातीवर पाय दिला. तेवढ्यात फौजेच्या ट्रकातल्या जवानांनी हवेत गोळ्या झाडल्या म्हणून मी हे लिहितोय.

बापाला मी परत पाहिलं नाही. विहिरीत टाकलं एवढंच कानावर आलं. कुठल्या, ते कुणी सांगितलं नाही.

मग फौजेची छावणी. तिथं टेबलामागं बसलेल्या कारकुनानं विचारलं, “नाव? बापाचं नाव? कोण?”

आमच्या गावाकडं ‘कोण’ विचारलं की माणूस जात सांगतो. न्हावी न्हावी म्हणतो, लिंगायत लिंगायत म्हणतो. मी म्हणालो, “अरब.” कारकुनानं लिहिलं: परदेशी. त्या एका शब्दानं मी पंचवीस वर्षांचा मुक्काम पुसून टाकला. छावणीतले बाकीचे अरब मुंबईहून जहाजानं रवाना झाले. माझा हात सडत होता आणि बायकोचे दिवस भरले होते. ती शेजारच्या गावच्या तांबोळ्याची मुलगी. मी दवाखान्यातून सुटेपर्यंत जहाज गेलं. तेव्हापासून दरवर्षी पोलिसांत जाऊन हजेरी लावायची, मुदत वाढवून घ्यायची, आणि जिल्ह्याबाहेर जाताना विचारून जायचं.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग पोलिसांत नवे साहेब आले. माझं रजिस्टर उलटंसुलटं करून म्हणाले, “किती वर्षं हे चालवणार? अर्ज करा, नाहीतर आपल्या मुलखात जा. सहा महिने देतो.”

मुलखात माझा एक चुलतभाऊ होता. एडनच्या बंदरात गोदामावर काम मिळेल, असं त्यानं कळवलं. मी जावं आणि राहावं अशा दोन याद्या केल्या. ‘राहावं’खाली पान भरलं: बायको, दोन मुली, त्यांची शाळा, फॅक्टरी, घर. ‘जावं’खाली एकच बाब होती, की इथं तो माणूस आहे. त्यानं हरकत घेतली आणि ती मानली गेली तर मुदतवाढही संपणार होती. मग जहाजावर मी एकटा.

बायकोनं दोन्ही याद्या पाहिल्या. “एडनला कंची बोली बोलत्यात?”

“अरबी.”

“पोरींना येत न्हाय. मला येत न्हाय. तुमाला येती का?”

“नमाजापुरती.”

“मग तितं जाऊन दिवसभर नमाजच पढणार का?” ती म्हणाली. “त्या मानसाकडं जावा. काय करायचं ते त्याला करू द्या, पण आधी तोंडावर सांगा. पेपरातनं सांगू नका.”

मी लोहाऱ्याच्या गाडीत बसलो. तो दारात अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्याची बायको आतून ओरडली, “कोन आलंय वं?”

“हाताची बोटं मोज, म्हंजी कळंल,” तो म्हणाला. मग मला, “बस अरबा. ऱ्हायलेली दोन द्यायला आलास व्हय?”

त्याला वाचता येत नव्हतं. मी जाहिरात वाचून दाखवली. त्यानं दोर खाली ठेवला.

“म्हंजी मला इचारत्यात?”

“ज्याला कारण माहीत आहे त्या कुणालाही.”

“आजपातुर मला कुनी कायबी इचारलं न्हाय. परत वाच.”

मी परत वाचली.

“छाप,” तो म्हणाला. “म्या लिवून देनार. मास्तराकडनं समदं लिवून घेनार. आन न्हाय छापलंस तर ती बग कुराड, दाराआडच हाय. ऱ्हायलेलं काम हितंच करतो.”

“माझ्या बापाचंही लिहिशील?”

“ते तू लिव. तुझा बाप हुता.”

“तू इथं राहायच्या लायक आहेस का, हे तुझ्याबद्दल कुणी पेपरात विचारलं नाही.”

तो उठला. माझ्या गळ्याची कातडी दोन बोटांत धरून त्यानं मला दारातल्या खांबावर आपटलं. त्याच्या तोंडाला चहाचा वास होता आणि वाकड्या बाजूनं लाळ गळत होती. “म्या हितं जल्मलो,” तो म्हणाला. “जल्मलेल्याला इचारत न्हाईत.”

“चा घ्या न्हायतर उठा,” त्याची बायको आतून म्हणाली. “दारात मुडदा पाडू नगा, सारवलंय आत्ताच.”

मी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी जाहिरात देऊन टाकली. बायकोला वाटलं मी धीट झालो. तसं काही नव्हतं. तो लिहिणारच होता, आणि न छापता गेलो असतो तर एडनच्या गोदामातही मी त्याचीच वाट पाहिली असती.

महिन्याभरात हरकत आली. दोन फुलस्केप, मास्तरांचं वळणदार अक्षर, खाली अंगठा. चौकशीच्या दिवशी कचेरीतल्या कारकुनानं मला ती वाचायला दिली. गढी, खांब, ओला नाडा, भावाचं मरण, दारावरचा अरब, सगळं जसं झालं तसं होतं. एकच फरक. मी दस्ता तीनदा मारला असं लिहिलं होतं.

कचेरीतले चौकशीचे साहेब यायचे होते. व्हरांड्यात एकच बाक होता आणि त्यावर तो काठी घेऊन बसला होता. मी त्याच्याशेजारी बसलो.

“दोन,” मी म्हणालो.

“काय दोन?”

“दस्ता दोनदा मारला. तीनदा नाही.”

“तोंड माझं हुतं का तुझं?”

“मारणारा मी होतो. मला माहीत आहे.”

“व्हय? मग मोज,” तो म्हणाला, उभा राहिला, आणि दोन्ही हातांनी काठी माझ्या तोंडावर हाणली. मी बाकावरून खाली गेलो. दुसरी ओठांवर बसली आणि दात जिभेवर आले. तिसरीच्या वेळी मी हात आडवा धरला, पण तो दोनच बोटांचा हात होता, काठी त्यावरून निसटून परत तोंडावरच आली. तोवर शिपायानं त्याला मागून मिठी घातली. “झाली का मोजून?” तो शिपायाच्या हातातून ओरडत होता. “किती झाल्या, सांग की! स्टोरकीपर हाईस न्हवं?”

साहेबांनी आम्हाला तसंच आत घेतलं. मला रुमाल दिला. “फिर्याद द्यायची आहे?”

मी मान हलवली, नाही.

साहेब भले होते. दोन्ही कागद वाचून म्हणाले, “तुम्ही अर्ज मागे घ्या. अर्ज गेला की हरकतही निकालात निघते. मी मुदतवाढीची शिफारस करतो. जसं चाललंय तसं चालू द्या. ही जुनी मढी उकरून दोघांचंही भलं होणार नाही.”

मला हवं होतं ते सगळं त्यात होतं. बायको, मुली, घर. मी रुमाल तोंडावरून काढून ‘बरं’ म्हणणार होतो.

“निकालात म्हंजी?” त्यानं विचारलं. “माझ्या कागदाचं काय हुनार?”

“दप्तरात राहील. मुदत संपली की नष्ट करतात.”

“जाळत्यात?”

“हो, बहुधा.”

“त्यात माझ्या भावाचं लिवलंय,” तो म्हणाला. “दुसरीकडं कुटं लिवलेलं न्हाय. पंचनामा झाला न्हाय, कायबी झालं न्हाय. ह्यो एकच कागूद हाय, सायेब.” मग तो माझ्याकडं वळला. काठी शिपायाकडं होती, हात मोकळेच होते. “अरबा, अर्ज मागं घेतलास तर म्या तुला जित्ता सोडत न्हाय.”

मी साहेबांकडं कोरा कागद मागितला.

लिहिताना रक्ताचे थेंब पडत होते म्हणून कारकुनानं टीपकागद दिला. मी लिहिलं, हरकतीतला मजकूर खरा आहे. दस्ता मी दोनदा मारला असं मला आठवतं. मार खाणारा तीन म्हणतो, तर तीन असतील. मयताचे पाय मी धरले. पुढं मी माझ्या बापाचं लिहिलं: दार, कुऱ्हाडी, कडबा. माझी बोटं तोडली तिथं त्याचं नाव घातलं. मग त्याला ते वाचून दाखवलं.

“हा खुनी जमावात सामील असल्याचा आरोप होतो,” साहेब त्याला म्हणाले. “समजतंय ना?”

त्यानं मान डोलावली.

“तुझ्या बापाच्या अंगावर म्या न्हवतो,” तो मला म्हणाला. “इहिरीत टाकायला हुतो. पांदीच्या कडंची, आता बुजवली ती. डोक्याकडनं म्या धरला हुता. लिव.”

माझा हात थांबला.

“लिव की!”

मी लिहिलं. त्यानं खाली अंगठा उठवला. कारकुनानं दोन्ही कागदांवर पान नंबर घातले, एकामागं एक. साहेब म्हणाले, “हे असं फायलीत गेल्यावर कुणी मंजुरी देईल असं मला वाटत नाही.” अर्ज मागे घेत नाही, असं मी खाली लिहिलं आणि सही केली. तो काठी न घेताच निघून गेला.

त्या दीड वर्षात पोलीस दोनदा घरी आले आणि एकदा त्याच्याकडं गेले. बायकोनं ट्रंक भरून ठेवली होती. ती रिकामी केली नाही, त्यातलेच कपडे काढून घालत होतो. मग कचेरीतून मंजुरीचा कागद आला. आमच्या दोघांच्या पानांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ती कुणी वाचली की नाही, मला कळलं नाही.

शपथ मराठीतून घेतली. वरचे पुढचे दात नसल्यामुळं ‘शपथ’मधला श काही केल्या उमटेना. नवा साहेब तरुण होता. त्याला वाटलं मला भाषा येत नाही. त्यानं हळू, फोड करून शब्द सांगितला, आणि मला परत म्हणायला लावलं.