पाहुण्याची खुर्ची

परवा मी शिकवते त्या शाळेच्या ग्रंथालयात एका गोऱ्या साहसवीराची गोष्ट वाचली. इंग्रजांच्या काळात हा गडी अमेरिकेतल्या क्रीक नावाच्या आदिवासी लोकांत जाऊन राहिला, त्यांच्यातच संसार मांडला, त्यांचा पोशाख घातला आणि स्वतःला त्यांचा कारभारी म्हणवून घेऊ लागला. शेवटी भर सभेत त्यांच्यातल्याच काहींनी त्याला धरून शत्रूच्या हवाली केलं. मी पुस्तक मिटलं. असल्या सभेत काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

लोहगडवाडीत आमचाही एक असा होता. मुंबईहून गड बघायला आला आणि आमच्या मागच्या खोलीत अकरा वर्षं राहिला. धोतर नेसायचा, तेही असं की बाया पदरात तोंड घालून हसायच्या. "आमी वाडीचं," असं छाती काढून सांगायचा. आम्ही त्याची टर उडवायचो आणि सगळे अर्ज मात्र त्याच्याकडूनच लिहून घ्यायचो. आधी पाण्याचे, मग विजेचे. गडाच्या पायथ्याच्या आमच्या टपऱ्या सरकार हटवणार असं कळल्यावर त्यानं अर्जांचा नुसता पाऊस पाडला. ते अर्ज ज्याच्या टेबलावर जायचे तो सरकारी साहेब वैतागला. म्हणाला, "हा माणूस वाडीचा नाही, असं लिहून द्या. टपऱ्यांचं मी बघतो."

कागद मी लिहिला. वाडीत अक्षर माझंच बरं होतं. आईच्या पिठलं-भाकरीच्या टपरीवर माझं कॉलेज चाललं होतं, त्यामुळे हात जराही अडखळला नाही.

मग देवळात त्याचा सत्कार ठेवला. आमच्याकडे वाडीतला माणूस सतरंजीवर बसतो, खुर्ची पाहुण्याला. अकरा वर्षं तो आमच्यात मांडी घालून बसला होता. त्या दिवशी मी टपरीवरची गिऱ्हाइकांची लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, पुसली आणि मधोमध ठेवली. ती बघून तो दारातच थांबला.

"मावशी, मी खालीच बसतो की," तो आईला म्हणाला.

"न्हाई बा. पावन्यानं खाली बसू न्हाई."

तो बसला. शाल झाली, नारळ झाला, आणि मी तो कागद खड्या आवाजात वाचला. मागं कुणीतरी खिदळलं. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली रिकामी होती आणि धोतर दोरीवर तसंच होतं.

पावसाळा संपला आणि टपऱ्या हटवल्याच. आई म्हणाली, "त्याला फोन लाव. त्यो लिवल अर्ज."

लावला. वाडीतून बोलतेय म्हटलं, सगळं सांगितलं.

"बाई, अर्ज तिथल्या माणसानं करायचा असतो," तो स्वच्छ शहरी मराठीत म्हणाला. "मी तिथला नाही. तुमच्याच अक्षरात आहे ते."

आई शेजारीच उभी होती. "काय म्हनला?"

"फोनच लागंना," मी म्हटलं.