बर्फ पडेपर्यंत थांबणारी वसुधाताई

निरोप ऑफिसच्या इमेलवर आला. मंगळवारची सकाळ, आमची रटाळ स्टेटस मीटिंग चालू, आणि समोर स्टेट कॉलेज गावच्या विद्यापीठातल्या इंग्रजी विभागाच्या सेक्रेटरीबाईंचं पत्र. वसुधाताई शनिवारी झोपेतच गेली. सोमवारी वर्गावर आली नाही तेव्हा कुणी तरी जाऊन दार ठोठावलं. ‘अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं’ या रकान्यात तुमचं नाव आहे, बाईंनी लिहिलं होतं, पण दिलेला फोन नंबर बंद आहे. बंद असणारच. तो आमच्या जुन्या अपार्टमेंटचा नंबर होता. २००१मध्ये भरलेला फॉर्म तिनं साडेपाच वर्षांत बदललाच नव्हता. बदलून लिहिणार तरी कुणाचं नाव? मी मात्र तिच्याशी दीड वर्ष बोलले नव्हते. भांडण म्हणाल तर भांडणही नाही. मीच रुसले होते आणि तो रुसवा चांगला जोपासला होता.

मी नागपूरहून एमएस करायला स्टेट कॉलेजला आले तेव्हा आम्ही तिघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. आम्ही दोघी तेविशीतल्या इंजिनिअर, आणि तिसरी ही वसुधाताई, चाळिशीला टेकलेली. सांगलीच्या कॉलेजातली पंधरा वर्षांची नोकरी सोडून आलेली, आणि शिकणार काय तर अमेरिकेचं साहित्य! आम्हाला हसू आवरेना. ‘ताई, यात जॉब काय मिळतो?’ मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ‘काही नाही मिळत,’ ती भाकरी थापत म्हणाली, ‘म्हणून तर कुणी घाई करत नाही गं.’ भारतीय दुकान लांब, बसचा अर्धा तास. ज्वारीचं पीठ ती डब्यात मोजून पुरवायची आणि आम्ही दोघी ते राक्षसासारख्या संपवायचो. संध्याकाळी आम्ही लॅबमध्ये, नाही तर इतर मराठी मुलामुलींच्या घोळक्यात. ती घरी एकटी. ‘चल ना,’ असं आम्ही म्हणायचो, पण ती ‘नको’ म्हणाली की आम्हाला बरंच वाटायचं, हे आता लिहायला लाज वाटते.

विद्यापीठ तिला पहिल्या वर्षाच्या मुलांचा वर्ग शिकवायला द्यायचं. फळ्यावर ती मधोमध एक रेघ मारी. एका बाजूला जहाजातून आलेल्या युरोपियन लोकांनी लिहिलेलं – रोजनिशा, पत्रं, प्रवचनं. दुसऱ्या बाजूला इथं आधीपासून राहणाऱ्यांनी सांगितलेलं. ‘जहाजातल्यांना किनारा कसा दिसला, हे सगळे वाचतात. किनाऱ्यावर जो उभा होता त्याला ते जहाज कसं दिसलं, तेही ऐका की. दोन्ही मिळून एका देशाचं साहित्य,’ असं ती मला सांगायची. मी मान डोलवायची आणि मनात माझा कोड डीबग करायची.

पण त्या दुसऱ्या बाजूची एक अडचण होती. उत्तरेकडे तीन-चार तासांच्या अंतरावर मूळ रहिवाशांची वस्ती होती, तिथल्या रूथ नावाच्या वृद्ध बाईंकडे ताई जाऊन गोष्टी ऐकायची. त्यांच्यात काही गोष्टी फक्त हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात. उन्हाळ्यात सांगितल्या तर प्राणी, पाखरं, झाडं आपापली कामं टाकून ऐकत बसतात, असं ते मानतात. ताईनं ही अट कागदावरही पाळली. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाला की युरोपियन बाजू शिकवायची आणि बर्फाची वाट बघत थांबायची. एका वर्षी परीक्षा आली तरी बर्फ पडेना. फळ्याची ती बाजू तशीच कोरी राहिली. प्राध्यापक वैतागले, मुलांनी तक्रार केली. ‘अगं, पुस्तकात छापलेल्या असतील की चार गोष्टी, त्या दे,’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘लहानपणी दिवसा गोष्ट मागितली की आई काय म्हणायची? मामा वाट चुकेल. तेव्हा थांबलोच ना आपण रात्रीपर्यंत?’

एका जानेवारीत गुडघाभर बर्फ होतं आणि बस बंद होत्या. दुसरी रूममेट सुट्टीला गेलेली. त्या दुपारी ताईनं मला एक गोष्ट सांगितली. रूथबाईंना विचारून, आणि अट सांगून. एकदा नाही, दहादा सांगून. कोणती गोष्ट ते इथं लिहीत नाही. तुम्ही हे वाचाल तेव्हा तिकडे आंबे आले असतील.

पुढं मला नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही नेपरव्हिलला घर घेतलं. २००५च्या गणपतीत मंडळानं मुलांचा कार्यक्रम माझ्या गळ्यात मारला. तीच ती नाटुकली, दरवर्षीची. मला वाटलं, काही तरी वेगळं करू, इथं वाढणाऱ्या मुलांना इथल्या मातीतलं देऊ. मी ताईची गोष्ट बसवली. पुठ्ठ्याचे मुखवटे, ढोल, शेवटी आरती. सप्टेंबरातला उकाडा, शाळेच्या हॉलमध्ये एसी लावलेला. टाळ्या कडाडून पडल्या. मोठ्या उत्साहानं मी तिला सीडी पाठवली. तिचा फोन आला. ‘पोरं गोड आहेत गं,’ ती म्हणाली. मग तिनं विचारलं, ‘शलाका, बर्फ कुठं होतं?’

एवढंच. मी भडकले. ‘ताई, एवढा खटाटोप केला, त्याचं काही नाही का? मुलांना कळतंय तरी का बर्फ नि उन्हाळा!’ फोन मीच ठेवला. चूक माझी आहे हे मला ठेवता ठेवताच कळलं होतं, म्हणून तर राग जास्त आला. जानेवारीत लागोपाठ तीन दिवस तिच्या मोबाइलवरून फोन आले. नंबर बघून मी ते वाजू दिले. तिसऱ्या दिवशी तिनं मशीनवर निरोप ठेवला. परत लेक्चर देणार, असं म्हणून मी तो न ऐकताच पुसला. नंतर तिनं फोन केला नाही.

तिच्या भावाला व्हिसा वेळेत मिळाला नाही. मी नऊ-दहा तास ड्राइव्ह करून गेले. विभागातल्या एका खोलीत शोकसभेला आठ-दहा माणसं जमली होती आणि बाहेर बर्फ होतं. कोपऱ्यात काठी घेऊन बसलेल्या रूथबाईंनी मला जवळ बोलावलं.

‘मुलांकडून गोष्ट करून घेतली, ती तूच का?’

मी मान खाली घातली. ‘हो. माझं चुकलं.’

‘वसुधा म्हणाली, चूक तिची स्वतःची. अट सांगायची राहून गेली म्हणाली. मागच्या वर्षी जानेवारीत ती माफी मागायला माझ्याकडे आली आणि बर्फात तीन दिवस अडकली. मी विचारलं, मुलांना आवडली का? फार आवडली म्हणाली. म्हटलं, मग बर्फ वितळायच्या आत त्या मुलीला घेऊन ये, पुढची गोष्ट सांगते. तिला अर्धीच ठाऊक आहे. रोज माझ्या स्वयंपाकघरातून फोन लावायची तुला.’ बाई काठी सावरत म्हणाल्या, ‘तिसऱ्या दिवशी म्हणाली, निरोप ठेवलाय, येईल ती.’

माझ्यासाठी ताई खोटं बोलली होती. आणि मी निरोप ऐकूनही आले नाही, असं समजून पुढचं वर्ष जगली. हे रूथबाईंना मी सांगू शकले नाही. तुम्हाला सांगतेय.

ताईची खोली मीच आवरली. पुस्तकं विभागाला दिली, भांडी तिथल्या नव्या मुलींना. नेपरव्हिलला परत आले त्याला आता सहा आठवडे झाले. घरातला फोन वाजला की मी नंबर बघत नाही, हातातलं टाकून उचलते. ओळखीचं माणूस क्वचितच असतं. परवा एक जण कार्पेट धुऊन देऊ का, विचारत होता. मी त्याचं सगळं, अगदी शेवटपर्यंत, ऐकून घेतलं.