गुड्डीचं प्रॉम्प्टिंग

माझी मुलगी गुड्डी चौथीत असताना, वाचलेलं काहीच कळत नाही एवढं सोडलं, तर तिचं वाचन उत्तम होतं. धडा हातात दिला की सुपरफास्ट गाडीसारखी सुटायची, एकाही स्टेशनवर न थांबता! पण धड्यातला मोर का नाचला असं विचारलं, की धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. पुढे पुढे तर प्रश्नाच्या आधीच तिचे डोळे भरून यायचे. वर्गात पोरं हसतात म्हणून शाळाच नको म्हणायला लागली, तेव्हा मी सल्ले विचारत फिरू लागलो.

आम्ही वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजाऱ्यांनी बदाम सांगितले, मेव्हण्याने चष्मा. (बदाम मी खाल्ले. चष्माही तपासणीअंती मलाच लागला!) शेवटी एका निवृत्त गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, पोरीला मोठ्याने वाचायला लावा, समोर बसून ऐका, मध्ये मध्ये थांबून तिच्याशी बोला. मी ‘मोठ्याने’ एवढंच ऐकून उठलो.

त्याच आठवड्यात सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी मंडई, म्हणजे जत्रा होती. दिवाळीनंतरची मंडई म्हटली की झाडीपट्टीत नाटक आलंच, आणि गावच्या नाटकाचा नायक मी. वर्षानुवर्षं तेच नाटक, तीच भूमिका, आणि तरी एक वाक्य पाठ नाही. पाठ कशाला करायचं? पडद्याआडून प्रॉम्प्टर ओरडतो, ते आपण छाती काढून म्हणायचं, हीच आमच्याकडची रीत. त्या वर्षी नेमका प्रॉम्प्टरचा घसा बसला आणि माझं डोकं चाललं. पोरीला याहून मोठ्याने वाचायला कुठे मिळणार होतं?

बायको म्हणाली, “अवो, तिले समजत नाई म्हणूनच तं एवढी धावपळ चालू हाये ना?”

“प्रॉम्प्टरले समजाची गरजच नाई,” मी म्हणालो. “समजाचं काम माह्यं.”

पहिले दोन अंक झकास गेले. गुड्डी पुढे धावत होती, मी मागून धापा टाकत होतो. तिसऱ्या अंकात खलनायक येऊन सांगतो, की तुझा धाकटा भाऊ नदीत बुडाला, आणि तो धक्का बसून नायक मरतो. आयाबायांनी आधीच पदर डोळ्यांपाशी नेले होते. आतून गुड्डीचा खणखणीत आवाज आला.

“बाळा, मला सोडून गेलास! कंसात, छाती धरतो.”

मीही तारस्वरात म्हणालो, “बाळा, मला सोडून गेलास! कंसात, छाती धरतो!”

मांडवात खसखस पिकली. ती माझ्या अभिनयाला दाद समजून मी आवाज आणखी चढवला. “हुंदका देतो! दोन पावलं मागे जातो! मरतो! पडदा!”

पडदा ओढणारा पोट धरून खाली बसला होता. त्यामुळे मेल्यावरही मी बराच वेळ सगळ्या गावासमोर पडून राहिलो.

गुड्डी आता रडणार, ही मला धास्ती. पण ती विंगेत खुदुखुदु हसत होती. “बाबा,” ती म्हणाली, “ते बोलाचं नोतं, कराचं होतं.” वाचलेल्यातलं तिला कळलेलं ते पहिलं वाक्य!

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून नाटकाची वही उघडली. अंगणात धानाचे भारे, अंगावर कोवळं ऊन, समोर मी, आणि थांबत थांबत, विचार करत येणारा तिचा आवाज. आता ती नागपूरला कॉलेजात आहे आणि घर फार शांत असतं. तो आवाज मला अजून हवा असतो.

त्या दिवशी वाचत वाचत ती तिसऱ्या अंकाशी आली आणि थबकली. “बाबा, भावाले तं नायकानंच बल्लारशाच्या गाडीत बसवून देल्लं. मंग तो इथच्या नदीत बुडन कसा? तो खलनायक खोटं बोलून राह्यला. एवढं बी समजत नाई त्या नायकाले?”

माझे डोळे भरून आले. पोरीला कळायला लागलं म्हणून, असं बायकोला वाटलं. तेही खरंच होतं. पण इतकी वर्षं मी, भाऊ खरोखरच बुडाला असं समजून मरत होतो!