टेकड्यांकडं तोंड केलेला अँटेना

मरी नदीकाठच्या त्या गावात निम्म्या छपरांवरचे टीव्हीचे अँटेना क्लॅरी ट्रेम्बाथनंच बसवलेले. टेकड्यांपलीकडच्या ॲडलेडची चॅनेलं दिसू शकतात असं कळलं, तसे लोक त्याच्या मागेच लागले. "क्लॅरी, गावच्या एकाच स्टेशनला किती दिवस चिकटून बसायचं? फिरव की तोंड तिकडं!" क्लॅरी शिडी लावायचा आणि फिरवायचा. स्वतःच्या घरचा तर त्यानं सगळ्यांत आधी फिरवला.

त्याच एका स्टेशनवर त्याची बायको नोरीन रोज संध्याकाळी पोरांचे वाढदिवस वाचायची. बघणारे घटले, दुकानदारांच्या जाहिराती आटल्या, आणि शेवटी मालकांनी गावचे कार्यक्रम बंद करायचं ठरवलं. "मेल्यांनी आपलं स्टेशन बुडवलं!" असं लोक क्लॅरीची शिडी धरून त्यालाच सांगायचे.

शेवटच्या दिवशी निघताना नोरीननं विचारलं, "आज तरी बघशील ना रे?"

"बघणार म्हणजे काय!"

पण संध्याकाळी ॲडलेडच्या चॅनेलवर फुटबॉलची मॅच रंगली. पाच मिनिटांसाठी छपरावर चढून अँटेना परत गावच्या स्टेशनकडं कोण फिरवणार?

सकाळी बेकरीवाली मर्ल डोळे पुसत म्हणाली, "नशीबवान आहेस बाबा. वाढदिवस नसताना शेवटचं नाव तुझं वाचलं तिनं. म्हणाली, या गावाला टीव्ही दाखवणाऱ्या माझ्या क्लॅरीसाठी."

क्लॅरी घरी आला तेव्हा नोरीन मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"काल छान वाचलंस गं," तो म्हणाला. "माझं नाव ऐकून भरून आलं."

नोरीननं चिमटा हातात तसाच धरून छपराकडं पाहिलं. अँटेनाचं तोंड टेकड्यांकडंच होतं.