अक्कांनी आधीच सांगितलेली कवडी

आधीच सांगतो, भूतखेत, पुनर्जन्म असलं काही निघालं की मी उठून चहाला जाणारा माणूस. राहायला जळगावात, पिंप्राळ्याला. काम – उत्खननातले नमुने कार्बन-डेटिंगसाठी लॅबला पाठवायचं. जीव मेला की कार्बनची आवक बंद होते आणि आत असलेला कार्बन-१४ ठरलेल्या वेगाने घटत जातो... किती उरला ते मोजायचं, वय सांगायचं. इतकं सरळ.

गेल्या वर्षी चाळीसगावच्या अलीकडे, गिरणेकाठी एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडावर खोदकाम चालू होतं. भर दुपारी पुरातन घराची चोपलेली जमीन लागली – कुठेही चीर नाही. ती फोडल्यावर खाली तोंड बंद केलेला मातीचा रांजण. त्या काळी तान्ही बाळं अशी घरातच पुरत, त्यामुळे आत काय असणार याचा आम्हाला अंदाज होता.

माती उचलणाऱ्या अक्का पाटी टाकून रांजणापाशी बसल्या.

"भाऊ, हाई मनी पोर शे. डावा हातनी मुठमा तुटेल कवडी शे. मीच ठेयेल शे."

अक्कांची पहिली मुलगी बारा दिवसांची होऊन गेली, त्याला चाळीसेक वर्षं झाली. तान्ह्या बाळाला पुरतात आणि ती जागा आईला दाखवत नाहीत, अशी त्यांच्याकडची रीत. पोरीच्या मुठीत त्यांनी तुटकी कवडी ठेवली आणि घरचे पुरुष तिला नदीकडे घेऊन गेले, एवढंच त्यांना ठाऊक. आता जागा सांगणारं कोणी उरलेलं नाही. म्हणजे बाई इतके दिवस आमच्या प्रत्येक खड्ड्यात लेक शोधत होती!

"अक्का, हे फार जुनं आहे हो," मी म्हटलं. जरा वैतागूनच.

रांजण मातीने गच्च भरलेला. ब्रशने दोन तास माती काढली. इवलीशी हाडं... आणि डाव्या हाताच्या बोटांमध्ये कवडी. तुटकी.

फोटो काढायचंही सुचेना.

बरगडीचा तुकडा हात न लावता फॉइलमध्ये गुंडाळून पाठवला. खरं सांगू? तो अलीकडचा निघावा असं मनापासून वाटत होतं. आमची चूक ठरली असती, पण अक्कांना पोर मिळाली असती. रिपोर्ट आला – तीन हजार वर्षांहून जुनं. विश्वास बसेना, म्हणून रांजणातल्या मातीत सापडलेले जळके दाणे पाठवले. तेच उत्तर.

मग कवडीचं अक्कांना कसं कळलं? मला माहीत नाही. लॅबलाही नाही.

अक्कांच्या घरी जाऊन त्यांना आकडा सांगितला. वाटलं, भांडतील, रडतील. त्यांनी एवढंच विचारलं,

"इतला वरीस व्हयनात, भाऊ? माले ते कालनी गोट वाटस."