ताईच्या उतारावरचा गाळ

पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ असतात, पण याला सगळी नदी भिंगरी म्हणूनच ओळखायची. खरं नाव विचारलंत तर बायकोसुद्धा क्षणभर थांबून सांगायची. जेवायला बसला तरी एक पाय चपलेत. न्हाव्याच्या खुर्चीत तर त्याला खांद्याला धरूनच ठेवावं लागे, आणि तरी कानामागे दोन खुणा आहेतच. उद्याचं काम कालच उरकून परवाच्या कामामागे लागणारा माणूस, त्याला सांगणार कोण?

काम होतं नदीतला गाळ हलवायचं. लाँचच्या मागे जाड दोरखंडाने एक दंताळं बांधलेलं असायचं, खोलीभर रुंदीची लोखंडी तुळई आणि तिला खालून वीत-वीत लांबीचे दात. ते तळाशी सोडायचं आणि ओढत न्यायचं. लोकांना वाटतं, हे गाळ काढतं. काढत-बिढत काही नाही हो! बसलेला गाळ नुसता उठवतं, आणि ओहोटीचं पाणी तो ओढून समुद्रात नेतं. अर्धं काम दंताळ्याचं, अर्धं पाण्याचं. म्हणून ओहोटीला ओढ असेल तोवरच फिरवायचं आणि पाणी मंदावलं की वर घ्यायचं. नाहीतर उठलेला गाळ पुढच्याच वळणावर जाऊन बसतो. या धंद्यात ही गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात.

आणि पुढच्या वळणावर होता ताईचा कारखाना.

ताई म्हणजे याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून हिनेच त्याला वाढवलं. लहानपणी हा नदीत पळू नये म्हणून कमरेला दोरी बांधून दुसरं टोक चुलीपाशी स्वतःच्या पायाखाली धरून बसायची. पुढे तिचं लग्न लाकडी नावा बांधणाऱ्याशी झालं. नाव बांधून झाली की कारखान्याच्या उतारावरून घसरवत पाण्यात सोडायची, असा तो व्याप. तिथे रंध्याच्या भुशात एक जुनी फळी दोन ओंडक्यांवर टाकलेली होती. जगात भिंगरी कुठे बसत असेल, तर त्या फळीवर. तासभर बसायचा, चहा निवेपर्यंत प्यायचा. बायको म्हणायची, "वन्संकडे बूड टेकतं तुमचं. घरच्या खुर्चीला काय काटे आहेत?"

गेल्या वर्षी दाजी गेले. त्यांच्या हातची शेवटची नाव अर्धीच राहिली होती. ताईने दोन सुतार हाताशी धरून ती पुरी केली. घेणारा होता नदीच्या मुखाशी असलेल्या गावातला. तिची लेकही तिथेच दिलेली. ताईने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "ही नाव पाण्यात गेली की मी हिच्यातूनच लेकीकडे जाणार. कारखाना बंद."

भिंगरी तेव्हा फळीवर बसला होता. कपातला चहा ओतून दिला आणि निघाला.

आता यापुढचं सांगताना मलाच त्याचा राग येतो. त्या दिवशी वरच्या धक्क्यापाशी दंताळं फिरवताना ओहोटी संपत आली. इंजिनवाला म्हणाला, "तांडेल, पाणी मेलं. वर घ्या."

"एकच फेरी," भिंगरी म्हणाला.

पहिल्यांदा ती नुसती त्याची खोड होती. हातातलं काम सोडवत नाही, दुसरं काय. पण दोन दिवसांनी ताईच्या उताराच्या पायथ्याशी चिखलाची साय धरलेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. कळत होतं सगळं. आणि तरी दुसऱ्या ओहोटीला पाणी मेल्यावर हा म्हणाला, "एकच फेरी." मग रोजच म्हणू लागला. पावसाळा उलटेपर्यंत उताराच्या तोंडाशी कमरेइतका गाळ साचला. नाव वर तयार, रंग लावून वाळलेली, आणि खाली उतरायला वाटच नाही. लोक म्हणाले, नदीच फिरली, तिचा काय भरवसा!

एक दिवस ताई म्हणाली, "अरे, तुझं दंताळं एकदा माझ्या दारातून फिरव की. घरचा वैद्य असून मी दुखणं अंगावर काढतेय."

"पुढच्या उधाणाला नक्की, ताई."

पुढचं उधाण आलं, तेव्हा साखळीची कडी झिजली होती. त्यापुढच्याला दोरखंड बदलायचा होता. मग कचेरीची परवानगी नव्हती. उद्याचं काल करणारा माणूस पुढच्या उधाणाच्या गोष्टी करायला लागला! चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, तसं झालं. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा. दाराची कडी वाजली तरी दचकायचा. बायकोने विचारलं, "काय खुपतंय एवढं?" तर तिच्यावरच खेकसला आणि मग तासाभराने उगाचच तिच्या पिशव्या उचलत बाजारात मागे मागे फिरला. ताईकडे जाणं सुटत नव्हतं, पण तिथेही बसवेना. फळीजवळ उभा राहून चहा ढोसायचा आणि पळायचा.

अशाच एका सकाळी ताईने कप हातात देता देता म्हटलं, "बस."

"नको, घाई आहे."

"बस म्हणते ना!"

तो बसला, पण टोकाला.

"तू इथे उभ्याने चहा प्यायला लागलास ना, तेव्हाच मी समजले," ताई म्हणाली. "ओहोटी संपली की सगळी नदी गप्प होते. सगळ्या लाँची बंद. मग वरून एकाच इंजिनाचा आवाज येतो. मी काय बहिरी आहे होय रे?"

भिंगरीचं तोंड काळवंडलं. पाय तेवढा हलत होता.

"मग बोलली का नाहीस?"

"मला तरी कुठे घाई होती?" ताईने पदराने फळीवरचा भुसा झटकला. "यांची नाव रोज डोळ्यांपुढे होती. बरं वाटत होतं. म्हटलं, घालतोय गाळ तर घालू दे. पण आता तसं नाही. लेकीला दिवस गेलेत. दोन वेळा वाईट झालं, तुला माहीत आहे. या वेळी तिला झोपवून ठेवलीय, आणि तिकडे पाणी द्यायला माणूस नाही. आता मला घाई आहे."

एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसाने मान खाली घालावी. हा उसळून उभा राहिला. "जा! जा खुशाल! नाव ने, घर ने, ही फळी पण ने! मी बसायचं कुठे, ते सांग! मी कुठे बसू?"

डोक्यावरचे निम्मे केस पिकलेला माणूस भुशात पाय आपटत हे विचारत होता. ताईला आधी हसू फुटलं आणि मग डोळे पुसावे लागले. "लेकराच्या वर आहेस," ती म्हणाली. "उद्या ओहोटी लागताना ये. मी लाँचवर येणार. तुझा भरवसा नाही मला."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच लाँचवर चढली आणि इंजिनाच्या किल्लीशेजारी ठाण मांडून बसली. भिंगरीने उतारासमोर दंताळं सोडलं. ओहोटीला चांगली ओढ होती. मागे पाणी काळं होऊन वर यायचं आणि बघता बघता वळणापलीकडे निघून जायचं. तो घामाघूम झाला होता, पण कित्येक महिन्यांत त्याचा हात इतका नीट चालला नव्हता. पाणी मंदावायला लागलं तशी ताई म्हणाली, "पुरे."

"कडेला थोडा राहिलाय. एकच फेरी, ताई!"

ताईने किल्ली काढून कनवटीला लावली. इंजिनवाला तोंड फिरवून हसला.

रोज हाच क्रम चालला आणि उधाणाच्या भरतीला नाव सोडायची ठरली. घेणाऱ्याची माणसं नावेत चढली, ताई तिच्या पेटीसकट चढली. सुतारांनी पाचरी ठोकून काढल्या. नाव चरबी लावलेल्या फळ्यांवरून सरसरत खाली गेली, पाण्यात शिरली आणि थांबली. पुढचं टोक, म्हणजे नाळ, तरंगत होतं, मागचा भाग कडेच्या गाळात रुतला होता. माणसांनी जोर लावला, पण नाव जागची हलेना. भरती शिगेला पोचली होती. पाणी एकदा उतरायला लागलं की पुढच्या उधाणापर्यंत सगळं मुसळ केरात.

सगळ्यांनी भिंगरीकडे बघितलं. तो काठावर उभा होता. नुसतं उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. कोणी बोट दाखवलं नसतं, आणि ताई संध्याकाळी फळीवर चहा घेऊन आली असती. हे त्याच्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं आलं.

मग तो ओरडला, "सांगत होतो ना, एकच फेरी राहिलीय म्हणून!" आणि चपलांसकट चिखलात उतरला. मांडीपर्यंत रुतत नावेच्या मागे गेला, तिला खांदा दिला, आणि बाकीच्यांवर असा खेकसला की सुतारांच्या अंगात दुप्पट बळ आलं. नाव कण्हली, हलली आणि एकदम मोकळी होऊन पाण्यावर डुलायला लागली. काठावर एकच गलका झाला.

भिंगरी तिथेच उभा राहिला. पाय काढायला गेला, निघेना. दुसरा काढायला गेला, पहिला आणखी खोल गेला. त्यानेच घातलेल्या गाळाने त्याला पक्कं धरलं होतं. नावेतून ताई डोळे पुसत ओरडत होती, "अरे भिंगऱ्या, हल की! असा उभा काय राहिलास?"

त्याने नुसता हात वर केला.

बायकोने काठावरून दोर फेकला. तो त्याच्या खांद्यावर पडला. "धरा ना," ती म्हणाली, "पाणी गार आहे."

"जरा थांब," भिंगरी म्हणाला. "नाव वळणापलीकडे जाऊ दे."